मालकांची विमानफेरी

मार्ला कोवाचला गॅरेजात सगळे स्टेपनी म्हणत. हे नाव ब्रेकवाल्या डॅरिलने ठेवलेलं, तेही प्रेमानेच, पण अशा नावांतलं प्रेम चार दिवसांत उडून जातं आणि नाव तेवढं चिकटून राहतं. सोमवार ते शुक्रवार मार्ला हार्लन मिल्समधल्या बॉमगार्डनरच्या गॅरेजात ट्रक, शाळेच्या बस आणि बर्फ सारायच्या गाड्या दुरुस्त करायची. महिन्यातला एक शनिवार-रविवार ती राखीव हवाई दलाच्या तळावर जायची आणि चार पंख्यांचं एक मालवाहू विमान दुरुस्त करायची. शिवाय उन्हाळ्यात सलग दोन आठवडे तिथेच. "देशाच्या डिकीतलं जादा चाक आहेस तू," डॅरिल म्हणायचा. "गाडी नीट चालली तर कुणाला आठवण नाही, पंक्चर झाली की शोधाशोध."

मार्लाला त्या नावाचा राग नव्हता. चपखल आहे, असंच ती म्हणायची.

एकोणिसाव्या वर्षी ती भरती झाली ती कॉलेजच्या फीसाठी. जत्रेत भरतीवाल्यांनी टेबल मांडलं होतं, टेबलामागचा सार्जंट हसरा होता, आणि घरी बाप ट्रक चालवून थकलेला होता. कॉलेज दीड वर्षात सुटलं, विमान मात्र सुटलं नाही. ते विमान तिच्यापेक्षा वयाने मोठं होतं. पूर्णवेळच्या हवाई दलात मेकॅनिक दर तीन-चार वर्षांनी बदलून जातात, राखीव दलातली माणसं मात्र मुळं धरल्यासारखी एकाच तळावर राहतात. त्यामुळे एकाच विमानावर वीस-वीस वर्षं तेच हात फिरतात. तिच्या तुकडीत एक प्लंबर होता, एक शाळामास्तर होता, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या दोघी बहिणी होत्या. शनिवारी सकाळी ही सगळी मंडळी गणवेश चढवून यायची आणि अख्खा ताफा उडवायची. पूर्णवेळवाले त्यांना रविवारचे शिपाई म्हणून हिणवत आणि मग तेल कुठून गळतंय ते त्यांनाच विचारत.

खरा प्रसंग आला की मात्र भेद उरायचा नाही. तेच वाळवंट, तेच डब्यातलं जेवण, तोच धोका. भेद व्हायचा तो परतल्यावर. पूर्णवेळवाला आपल्या तळावर परतायचा, राखीववाला मालकापुढे जाऊन उभा राहायचा.

मार्लाला असं दोनदा बोलावणं आलं. एकदा वाळवंटात, एकदा जखमींना घरी आणणाऱ्या विमानांवर. परतणाऱ्याची नोकरी राखून ठेवायची, असा कायदा आहे. रस्टी बॉमगार्डनरने नोकरी राखली. ती कशी राखायची हे कायद्यात लिहिलेलं नसतं. पहिल्या खेपेला परतल्यावर तिची गॅरेजातली मधली जागा दुसऱ्याला गेली होती आणि तिला मिळाली होती मोठ्या दाराजवळची, जिथे जानेवारीत पान्हा हाताला चिकटतो. ती तिथेच कामाला लागली. दुसऱ्या खेपेनंतर मात्र शहाणी झाली. तळावर कुणी स्वखुशीने लांबच्या मोहिमेवर येतंय का असं विचारलं की ती मान खाली घालायची. परिणाम व्हायचा तोच झाला. तिच्यामागून आलेल्यांच्या बाहीवर पट्ट्या वाढत गेल्या आणि तिच्या होत्या तेवढ्याच राहिल्या. तळावरचे म्हणत, हिचं मन ट्रकात आहे. गॅरेजातले म्हणत, हिचं मन विमानात आहे. तिचं मन दोन्हीकडे होतं, पण हे पटणारा माणूस तिला दोन्हीकडे भेटला नाही.

त्यातच म्हातारा फोरमन अर्ल निवृत्त व्हायचं म्हणू लागला.

अर्लचे गुडघे गेल्यापासून गॅरेज खरं तर मार्लाच चालवत होती. कुठली गाडी आधी घ्यायची, कोणाला कुठल्या कामावर लावायचं, नव्या पोराच्या हातून नट पिळला गेला तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, सगळं अर्ल तिला विचारून करायचा. सतरा वर्षं ती तिथे होती. एक्केचाळिसाव्या वर्षी तिला ट्रकखालून बाहेर यायचं होतं. आणि त्याहून जास्त, जे काम ती करतेय ते तिचं आहे असं कुणीतरी चारचौघांत म्हणायला हवं होतं. तिने रस्टीला सरळ विचारलं.

"बघू की पोरी," रस्टी म्हणाला. "तूच आहेस डोळ्यांपुढे. पण बघू."

हा 'बघू' तिच्या घशात अडकला. तळावर जेवणाच्या सुट्टीत तिने तो ओपल रिडलपुढे ओकला. ओपल तुकडीची थोरली सार्जंट. माणसांची दुखणी-खुपणी, भांडणं, घटस्फोट सगळं तिच्या टेबलावर येऊन पडायचं.

"अगं, मग मालकांच्या विमानफेरीला आण ना त्याला," ओपल म्हणाली. "दरवर्षी सगळ्यांचे मालक येतात, फुकट डोनट खातात, विमानात बसून पोरांसारखे खिदळतात. तुझा काय सोन्याचा आहे?"

"तो येईल गं. पण काय फायदा?"

"फायदा? बाई, तो तुला ट्रकखाली बघतो. तुझे पाय दिसतात त्याला फक्त. इथे तुझ्या हाताखाली बारा माणसं बघू दे, मग बघते कसा बघू म्हणतो ते."

मार्लाला ते पटलं. मलाही पटलं असतं. आमच्याकडे मालकाला खूश करायचं म्हणजे बीअर पाजायची किंवा हरणाचं मांस पोचवायचं. हिच्या हाताशी अख्खं विमान होतं.

एप्रिलातल्या त्या शनिवारी रस्टी नवी टोपी घालून आला. सोबत इस्पितळाची एक व्यवस्थापक बाई होती, बँकेचा एक साहेब होता, किराणा दुकानदार होता, आणि सगळ्यांची तोंडं सहलीला निघालेल्या पोरांसारखी. मार्लाने आदल्या महिन्याच्या ड्रिललाच विमान आतून-बाहेरून घासून घेतलं होतं. उड्डाणाआधी ती विमानाभोवती फिरली, खूण केली, तिची माणसं पांगली, खूण केली, परत आली. वैमानिक लेफ्टनंट कर्नल होता, पण विमान उडायला ठीक आहे अशा कागदावर मार्लाची सही होईपर्यंत तो शिडीशी मुकाट उभा होता. रस्टीने ते पाहिलं.

"तो तुझ्यासाठी थांबलाय?" त्याने हळूच विचारलं.

"सगळेच थांबतात."

वर गेल्यावर मागचा मोठा दरवाजा उघडला. पट्ट्यांनी बांधलेले मालक एकेक करून कडेपर्यंत गेले. बँकेचा साहेब पिशवीत ओकला. रस्टीला खाली नदी दिसली, धान्याचे मनोरे दिसले, त्याच्या गॅरेजचं हिरवं छप्पर दिसलं, आणि तो साठीचा, कधी बायकोच्या दफनालाही न रडलेला माणूस घळघळा रडला. मार्लाने त्याचा पट्टा मागून घट्ट धरला होता. आपलं काम झालं, असं तिला त्या क्षणी वाटलं.

काम झालं होतंच. फक्त ते कोणतं, ते तिला कळलं नव्हतं.

उतरल्यावर कर्नलने हँगरमध्ये दोन शब्द सांगितले. गडी मनापासून बोलत होता. "ही तुमची माणसं," तो म्हणाला, "आठवडाभर तुमची आहेत. पण उद्या जगात कुठेही आग लागली तर पहिल्या फोनला हीच निघणार. ताटावरून उठून निघणार. मार्ला कोवाचसारख्यांशिवाय हे विमान हलत नाही, आणि विमानाशिवाय काहीच हलत नाही." टाळ्या पडल्या. रस्टीने सगळ्यांत जोरात वाजवल्या. ओपलने मार्लाला कोपर मारलं. मार्ला लाजली आणि खूप खूश झाली.

सोमवारी गॅरेजात तिचा फोटो लागला. विमानापुढे उभी मार्ला, शेजारी टोपीतला रस्टी. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो धरून धरून दाखवायचा. "कर्नल थांबतो हिच्यासाठी, कर्नल!" त्या आठवड्यात कुणी तिला स्टेपनी म्हटलं नाही.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे खायला सगळे जमले होते, तिथे रस्टीने पेला वाजवून अर्लला निरोप दिला आणि नवा फोरमन जाहीर केला. डॅरिल.

डॅरिलचा घास हातातच राहिला. त्याला ब्रेक शिकवले होते मार्लानेच. तो भला माणूस होता, पण दोन गाड्या एकदम आल्या की त्याला घाम फुटायचा, आणि हे त्यालाही माहीत होतं. त्याने आधी मार्लाकडे पाहिलं आणि मग बशीकडे.

मार्लाने रस्टीला गाड्या लावतात तिथे गाठलं.

"का, रस्टी?"

"अगं, तुझ्यासाठीच केलं हे!" रस्टीला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुला मी गॅरेजात अडकवू? मी बघितलं ना त्या दिवशी. आधी मला वाटायचं, हिचं ते शनिवार-रविवारचं काहीतरी आहे. पण तू तर... तुझ्यावाचून विमान हलत नाही. उद्या फोन आला, तू निघालीस, माझं गॅरेज कोणी बघायचं?"

"सतरा वर्षांत दोनदा आला फोन. दोनदा!"

"तिसऱ्यांदा येईल की. तो कर्नलच म्हणाला."

"मी एकदाही स्वतःहून गेले नाही. तुझ्या गॅरेजसाठी गेले नाही. माझ्या पट्ट्या अडल्या त्यापायी."

"बघ, म्हणजे माझ्यापायी तुझं तिकडे नुकसान झालं," रस्टी म्हणाला, आणि त्याचे डोळे पुन्हा भरून आले. "आता नको व्हायला. मला अभिमान आहे गं तुझा." त्याने तिला जवळ घेतलं. बाराजण बघत होते, म्हणून तिने घेऊ दिलं.

दुष्ट माणसाशी भांडता येतं. असल्या माणसाचं काय करायचं?

कायदा होता. फौजेच्या कारणावरून बढती नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे, आणि ओपलला तो पाठ होता. "तक्रार कर," ती म्हणाली. "जिंकशीलही कदाचित." मग तिने पेन खाली ठेवलं. "पण मी तुला खोटं सांगणार नाही. त्या गावात तीन गॅरेजं, तिन्ही मालक एका टेबलावर नाश्ता करतात. जिंकल्यावर तू जाशील कुठे?"

मार्लाने तक्रार केली नाही. डॅरिल रोज सकाळी तिच्याजवळ येऊन हळू आवाजात विचारायचा, आज आधी काय घेऊ, आणि ती सांगायची. वर्षभर तिने असं दुसऱ्याच्या तोंडून गॅरेज चालवलं. वसंतात डॅरिलने हात टेकले. त्याला मालवाहतुकीच्या एका कंपनीत काम मिळालं. जाताना तो म्हणाला, "आता तरी घे बाई ही जागा. तुझीच होती."

त्याच सुमारास तळावरचा तिचा करार संपत आला होता. पुन्हा सही करायची की नाही हा प्रश्न तिला कधीच पडला नव्हता. या वेळी पडला. तिने फार विचार केला असं म्हणता येणार नाही. तिचा राग इतका शिजला होता की त्यात विचाराला जागाच नव्हती. फोन येईल म्हणून जागा जाते ना, मग फोनच येऊ नये अशी व्यवस्था करायची, एवढंच तिने धरलं. विमान, तुकडी, तो प्लंबर, त्या दोघी बहिणी, तेवीस वर्षं, सगळं तिने त्या एका खुर्चीसाठी तराजूत टाकलं. ओपलने विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." केक कापला. तिचं विमान एका सव्वीस वर्षांच्या पोराकडे गेलं. त्याला तिने गळतीच्या तीन जागा दाखवल्या आणि मागे न बघता गाडी काढली.

सोमवारी ती सरळ रस्टीच्या खोलीत गेली.

"मी राखीव दल सोडलं," ती म्हणाली. "आता कुठलाच फोन येणार नाही. शनिवार-रविवारीसुद्धा इथेच."

रस्टीने चष्मा काढला. "सोडलं? म्हणजे, त्यांनी काढलं?"

"मी सोडलं."

"का पण?"

"फोरमनच्या जागेसाठी. तूच म्हणाला होतास ना, फोन आला तर गॅरेज कोणी बघायचं?"

त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तरी तिला चाललं असतं. तिथे निराशा होती, तीही बापाची असावी तशी. "माझ्यामुळे सोडलंस असं नको ना म्हणूस, मार्ला," तो म्हणाला. "मी लोकांना सांगत फिरतो, ताटावरून उठून जाणारी बाई आहे म्हणून. आणि तू... एका खुर्चीसाठी?" त्याने मान हलवली. "देशाचं काम मधेच टाकतो त्याच्यावर मी माझं गॅरेज कसं टाकू, सांग बरं?"

तिला ओरडावंसं वाटलं, हातातली वस्तू फेकावीशी वाटली, पण हात रिकामे होते.

दोन आठवड्यांनी नवा फोरमन आला. पन्नाशीचा व्हर्न, पलीकडच्या जिल्ह्यातला. तरुणपणी चार वर्षं पायदळात होता, एवढ्यावर रस्टी खूश होता. फौजेची शिस्त वेगळीच असते, असं तो सगळ्यांना ऐकवत होता. व्हर्नला घेऊन तो एकेकापाशी थांबला. मार्लापाशीही थांबला.

"ही मार्ला. हीसुद्धा होती राखीव हवाई दलात," रस्टी म्हणाला, आणि आवाज जरा खाली आणून, जणू घरातलं दुखणं सांगावं तसा, "सोडलं हिने."

व्हर्नने हात पुढे केला. गडी सरळ दिसत होता. "अरेरे. का हो सोडलंत?"

मार्लाने हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं आणि त्याचा हात हातात घेतला.

"शनिवार-रविवार मोकळे मिळत नव्हते," ती म्हणाली.