एकच बस बदलायची

प्रागच्या ट्राम मी आठ दिवसांत पाठ केल्या, हे मी अजून चारचौघांत सांगतो. पुढचं सांगत नाही.

मुलगा तिथे नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तो सकाळी कामावर जायचा, बायकोला थंडी सोसेना, म्हणून मी एकटाच बाहेर पडायचो. तिकीट गाडीतल्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यायचा. बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही. थांब्यावरच्या कागदावर मिनिटासकट वेळ लिहिलेली असते आणि गाडी बहुतेक त्या मिनिटालाच येते. नदी ओलांडून किल्ल्यावर, किल्ल्यावरून जुन्या चौकापाशी, तिथून कुठल्यातरी लांबच्या बागेत. तिथल्या भाषेचं अक्षर येत नसताना मी दिवसाला तीन-तीन गाड्या बदलायचो. थांब्यांची नावं वहीत देवनागरीत लिहिली होती. बासष्टाव्या वर्षी आपण किती हुशार, या विचाराने छाती फुगली होती.

भाऊबीजेला ताईचा व्हिडिओ कॉल आला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. सुरतच्या डिंडोलीत घरी बसून साड्यांना टिकल्या लावत तिने मला शिकवलं, मास्तर केलं. मास्तर झालो आणि मी तापी ओलांडून अडाजणला राहायला गेलो. भाऊबीजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं. आमच्यात उलटं चाले. "तुझ्या गल्लीत गाडी शिरत नाही, आणि बसने यायचं तर उधना दरवाजाला बदलावी लागते," असं मी दर वर्षी तोंड वर करून सांगायचो. "ऱ्हाऊ दे भाऊ, मीच येस," ती म्हणायची. मग ताट, निरांजन, करंज्यांचा डबा पिशवीत घालून, दुखरा गुडघा सांभाळत ती तीच बस बदलून यायची. थांब्यापर्यंत तिला घ्यायला जायचंही मला कधी सुचलं नाही.

त्या दिवशी तिच्या सुनेने फोन धरला आणि ताईने फोनमधल्या मला ओवाळलं. ओवाळून होतंय न होतंय तोच मी माझं ट्रामपुराण लावलं. ती नीट ऐकत होती.

"रोज तीन गाड्या बदलस तू?"

"हो. काही अवघड नाही गं."

"मन्हा घर येवाले एकच बदलनी पडस ना रे?"

टोमणा असता तर मी रागावून घेतलं असतं. ती खरंच विचारत होती. नेटवर्क जातंय असं म्हणून मी फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं.

सुरतला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी बसने निघालो. उधना दरवाजाला उतरलो, दहा मिनिटांत दुसरी मिळाली. अडाजणहून तासाभरात डिंडोली. एवढ्याशा तासाची मी इतकी वर्षं रड लावली होती, याची लाज वाटली.

पण खरी लाज पुढेच होती. थांब्यावर उतरलो आणि कुठे वळायचं ते कळेना. ताईने जुनी खोली सोडून सहा वर्षं झाली होती. नवं घर मी पाहिलंच नव्हतं. प्रागमध्ये एकदाही कुणाला वाट न विचारणारा मी माझ्याच गावात, माझ्याच बहिणीच्या थांब्यावर खुळ्यासारखा उभा राहिलो. शेवटी फोन केला.

"तठेच उभा ऱ्हाय," ती म्हणाली.

पंधरा मिनिटांनी ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. एक हात गुडघ्यावर, पदर सावरत, लंगडत ती मला घ्यायला आली होती.