कुसळीच्या भाताची नोंद

मी नेमकं काय शिकते हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. अब्बा ओतूरच्या बाजारात कांद्याचा व्यापार करतात. ‘शाश्वत अन्नव्यवस्था’ असं अभ्यासक्रमाचं नाव मी त्यांना सांगितलं, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, “बेटा, खाना खाने की भी डिग्री होती है क्या?” गाळ्यावर बसलेले शेतकरी हसले. त्यातला एक म्हणाला, “तसं न्हाई शेठ, ताई आता आपल्याला शेती शिकवणार.” मी फणकाऱ्यानं उठून जुन्नरची एसटी पकडली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

पुण्याच्या कॉलेजात आमच्या विभागाच्या दाराशी एक तक्ता होता. त्यावर झाड काढलं होतं आणि प्रत्येक फांदीला एक नोकरी लटकत होती. बियाणे बँकेत संशोधन, शेतकरी कंपनीचं व्यवस्थापन, अन्नधोरणाचा सल्लागार, सेंद्रिय मालाची तपासणी. आमच्या आधीच्या तुकडीतली एक मुलगी टोमॅटोवर औषधाचा अंश किती उरलाय ते तपासायची, एक जण बंगळुरात नाचणीची बिस्किटं विकायचा आणि तिघं स्पर्धा परीक्षेला बसले होते. ती फांदी तक्त्यावर नव्हती. मला मात्र बियाणे बँकच हवी होती. बाकी सगळ्यांनी पोटापाण्याचं बघावं, मी जुनं बी वाचवणार, असा माझा थाट होता.

म्हणून प्रकल्पासाठी मी आंबेगावचा डोंगरपट्टा घेतला. फेब्रुवारीत घोडेगावहून दुपारच्या एसटीनं एका वाडीत गेले. तिथं सगळ्यांची खाचरं आता दुकानातल्या पिशवीच्या बियाण्यावर होती. एकच बाई जुनं भात टिकवून होती. पन्नाशीची, अंगणवाडीत मदतनीस, हसताना तोंडापुढे हात धरणारी. मी तिला मावशी म्हणायला लागले. त्या भाताला लांब काळं कुसळ यायचं, म्हणून वाडीत त्याला नुसतं कुसळीचं म्हणत. तांदूळ तांबूस. त्याची पेज बाळंतिणीला चांगली, एवढ्याच कारणासाठी मावशीनं ते सोडलं नव्हतं. पण परतीच्या पावसात पीक आडवं झालं आणि बरंचसं खाचरातच कुजलं. उरलं ते अडीच शेर. चुलीवरच्या माळ्यावर, शेणानं लिंपलेल्या कणगीत, राख घालून ठेवलेलं. दुसऱ्या कुणाकडे त्यातला दाणाही नव्हता. मी त्या वाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत घरोघर विचारून आले होते.

मी कामाला लागले. शंभर दाणे मोजले, त्यांचं वजन केलं, पट्टी ठेवून फोटो काढले, नखानं साल काढून आतला रंग लिहिला, खाचर कुठं आहे ते फोनवर टिपलं आणि मोजलेले दाणे परत कणगीत टाकले. मावशी शेजारी बसून कौतुकानं बघत होती. म्हणाली, “एवढं तर माझ्या लेकीचं बी कुणी लिवलं नव्हतं.” निघताना तिनं कणगीत हात घातला आणि मूठ माझ्यापुढे धरली. “घ्या ताई. न्या तुमच्या कॉलेजात.”

मी घेतलं नाही. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. शेतकऱ्याचं बी न विचारता उचलून नेणाऱ्या कंपन्यांबद्दल वर्गात आम्हाला पुष्कळ शिकवलं होतं. बी घ्यायचं तर संमतीपत्र हवं, दोन प्रतींत, मार्गदर्शक बाईंच्या समक्ष. आपण त्या कंपन्यांसारखे नाही हे दाखवायची मला कोण घाई! मी म्हणाले, “आत्ता नको मावशी. आमच्या मॅडमना घेऊन येते, मग रीतसर घेऊ. तुम्ही काळजी करू नका, आता याची नोंद झाली. हे वाण आता जात नाही.” तिनं मूठ पुन्हा कणगीत सोडली.

मॅडमना वेळ मिळाला तो मे महिन्यात. आदल्या दिवशी सकाळी मी मावशीला फोन केला. “उद्या येतोय. जेवणाचं काही करू नका.” आता हे वाक्य कोण म्हणत नाही? आमच्या जुन्नरातही पाहुणा असं म्हणाला की अम्मी एक पदार्थ वाढवते. मला हे ठाऊक होतं. तरी मी तेच म्हणाले, कारण दुसरं काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं. सरपंचबाई आल्या होत्या, शेजारची चारपाच पोरं भिंतीला टेकून बसली होती, आमच्या गाडीवाल्यालाही आत बोलावलं. बसायला घोंगडी, हातावर पाणी, लगेच ताटं. उडदाचं घुटं, कांदा आणि वाफाळता भात. भात तांबूस होता.

मी ताटाकडे बघत राहिले. कणगी माळ्यावर नव्हती. ती दाराबाहेर उन्हात उपडी घातलेली मी येतानाच पाहिली होती, पण तेव्हा डोक्यात काही शिरलं नव्हतं.

“मावशी, हा भात...”

“त्योच की!” ती तोंडापुढे हात धरून हसली. “काल दुपारपासनं कांडत व्हते. आता मुसळाची सवय न्हाई ऱ्हायली, लई दंड दुखले.”

“सगळं कांडलंत?”

“अडीच शेर म्हंजी कितीक ओ? एवढी मानसं. आन् घरात दुसरा रेशनचा तांदूळ. पुण्याच्या बाईंना रेशनचा घातला तर लोकं माझ्या तोंडात शेण घालतील.”

मॅडमनी पहिला घास घेऊन डोळे मिटले होते. “हीच का ती जात? काय सुरेख चव आहे!” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांचा हात ताटातच थांबला. बियाण्यावरचा शेतकऱ्याचा हक्क हा विषय त्या आम्हाला शिकवत. परिषदेत मोठमोठ्या लोकांना गप्प करताना मी त्यांना पाहिलेलं आहे. पण समोर ती बाई डाव घेऊन उभी, दुखऱ्या हातानं वाढत असलेली. मॅडमनी मान खाली घातली आणि जेवायला लागल्या.

मला संतापायचं होतं. संतापात मी कधीच कमी पडत नाही. पण कुणावर? तिच्यावर? मॅडमवर? स्वतःवर संतापले असते, तर तेही त्या पंगतीत ताट सरकवून करता येणार नव्हतं. “घ्या ताई, लाजू नका,” म्हणत तिनं माझ्या ताटात दुसरा डाव टाकला. पाहुण्यानं पानात टाकायचं नसतं. मी खाल्ला. भात खरंच चांगला झाला होता. पोरांनी बोटं चाटली. हात धुवायच्या निमित्तानं मी मागे उखळापाशी गेले, एखादी मूठ तरी राहिली असेल म्हणून. तिथं नुसता कोंडा होता, त्यातही कोंबड्या शिरलेल्या. मी त्यांना हाकललं, कोंडा चाळला. अख्खा दाणा एकही नव्हता. संमतीपत्राच्या दोन्ही प्रती पिशवीतच राहिल्या.

परतीच्या वाटेवर घोडेगाव आल्यावर मॅडम म्हणाल्या, “मूठ घ्यायला हवी होतीस गं.” मी म्हणाले, हो.

महिनाअखेरीला तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे फोटो, मोजमापं, तक्ते उलटून पाहिले आणि इतकी काटेकोर नोंद फार कमी मुलं करतात असं म्हणाले. मला पहिला वर्ग मिळाला. अम्मीनं शेजारी शीरखुर्मा वाटला. कुणी विचारलं, विषय काय होता, तर मी ‘भात’ म्हणायची आणि आत निघून जायची.

जूनच्या सुरुवातीला मी अब्बांच्या गाळ्यावर नोकरीचे अर्ज भरत बसले होते, तेव्हा मावशीचा फोन आला. वाडीत रेंज येते-जाते, स्वतः फोन लावायचा तर तिला शाळेमागच्या खडकावर चढावं लागतं. धाप लागलेली ऐकू येत होती.

“ताई, राब भाजून झाला, रोपाची जागा तयार हाय. रोपं टाकायची हायेत. आता बी पाठवा.”

“कोणतं बी, मावशी?”

“आपलं कुसळीचं. मूठभर पुरंल, पुढचं मी वाढवते. तुमच्या कॉलेजात ठिवलंय न्हवं?” मी अर्ज बाजूला सारला. ती म्हणाली, “तुमीच म्हनला व्हता ना, समदं लिवून घेतलं, आता जात न्हाई. म्हनून तर मी बिनघोर शिजवलं.”

बाजारात लिलावाचा गलका चालू होता. मी एका कानात बोट घालून तिला समजावत राहिले. आमच्याकडे फोटो आहेत, मावशी. वजन आहे, लांबी आहे, खाचराची जागा आहे.

“बी न्हाई?”

“नाही.”

तिनं मला शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. तेवढ्यानं काहीतरी फिटलं असतं. तिनं फक्त विचारलं, आणि खरोखर कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “मंग तुमी लिवून काय न्हेलं?”

मला हुंदका आवरला नाही आणि तो तिला खडकावर ऐकू गेला असणार, कारण तिचा आवाज एकदम मऊ झाला.

“असू द्या ताई, रडू नका. त्या दिवशी तुमी पोटभर जेवल्या ना?”

“जेवले,” मी म्हणाले.

“मंग झालं तर.”