नलिनीताईंचं धुकं

नलिनीताई आठल्ये यांची आणि माझी पहिली भेट एका माकडाने घडवून आणली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात माकडाने करावी का, असं मी संपादकांना विचारलं होतं. ते म्हणाले, खरं असेल तर करा. खरंच आहे.

पाचेक वर्षं झाली असतील. मी कॉलेज अर्धवट सोडलं होतं आणि घरी त्यावरून रोज वाजत होतं. म्हणून सकाळीच बाहेर पडायचं, मिळेल त्या बसमध्ये चढायचं आणि कंटाळा आला की उतरायचं, असा माझा दिनक्रम होता. असाच एकदा दिल्लीतल्या हिंदूराव हॉस्पिटलच्या मागच्या रिजवर, टेकडीवरच्या जंगलात शिरलो. तिथे एका दगडावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या आणि समोरच्या माकडाला शांतपणे मराठीत समजावत होत्या, "हे बघ, डबा ठेव तुझ्याकडे, पण चष्मा दे. चष्म्याचं तू काय करणार?"

मी म्हटलं, "आंटी, दिल्लीचं माकड आहे. हिंदीत सांगा."

त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "तुला मराठी येतं ना? मग हिंदीत तू सांग."

माझ्या खिशात भाजलेले चणे होते. ते टाकल्यावर चष्मा परत आला, डबा गेला. चष्मा पदराला पुसत त्या म्हणाल्या, "आंटी दिल्लीत पुष्कळ आहेत. मला ताई म्हण." मी विचारलं, इथे काय करताय? म्हणाल्या, "बघतेय." काय बघताय? "ते अजून कळलं नाही." मग त्या बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. ना कागद, ना पेन्सिल, ना मोबाईल. मी आसपास भटकत होतो, दगड उलटे करून बघत होतो. निघताना त्या म्हणाल्या, "तू एका जागी बसत नाहीस, पण बडबडही करत नाहीस. पुढच्या मंगळवारी येशील?" मला तोपर्यंत पुढच्या मंगळवारी कुणी कुठे बोलावलेलं नव्हतं. मी गेलो.

आपल्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या जुन्या लोकांना ताईंची ओळख मी काय करून देणार? आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या अनेक वर्षं राहिल्या, मंत्रालयात नोकरी केली, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या बाल्कनीत चित्रं काढली. आता त्या नोएडात मुलाकडे, मिलिंददादांकडे असतात. त्यांच्या चित्रांना अमूर्त म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मला आपलं वाटायचं की ताई रिजची चित्रं काढतात, फक्त त्यात रिज दिसत नाही.

याबद्दल त्यांना क्वार्टरमधल्या एका शेजारणीने सरळच विचारलं होतं, "आठल्येबाई, यात झाड कुठंय?" ताई म्हणाल्या, "झाड तिथेच आहे, रिजवर. ते कशाला उचलून आणू? त्याच्या सावलीत बसल्यावर मला जे झालं, तेवढं आणलंय." शेजारीण म्हणाली, "अच्छा. मग तेवढंच बघते." आणि खरंच खुर्ची ओढून बसली, असं ताई अजून कौतुकाने सांगतात. कौतुक शेजारणीचं, स्वतःचं नाही.

ताईंची काम करण्याची पद्धत मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ज्या ऋतूचं चित्र, त्यावर काम त्याच ऋतूत. वळिवाच्या आधी दिल्लीत पिवळी आँधी, म्हणजे धुळीची वावटळ, येते, तिचं चित्र फक्त आँधीच्या दिवसांत. पळस फुलतो तेव्हाचं चित्र पळस आहे तोवर. फुलं गळून पडली की चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहतं, ते थेट पुढच्या वर्षापर्यंत. त्यामुळे ताईंच्या खोलीत शिरलं की आधी दिसतात त्या कॅनव्हासच्या पाठी. मी एकदा एक कॅनव्हास वळवून बघायला गेलो, तर म्हणाल्या, "राहू दे, त्याचा महिना नाही आत्ता." लहान मूल निजलंय अशा आवाजात.

मी विचारलं, "ताई, आठवणीतून नाही का काढता येत?"

"मे महिन्यात मला थंडी आठवते रे. पण वाजत नाही."

मिलिंददादा या पद्धतीत लहानाचे मोठे झाले. ते सांगतात, आँधी आली की सगळ्या कॉलनीत धाडधाड खिडक्या बंद व्हायच्या आणि आमच्या घरात उघडायच्या. आईला तो वारा हवा असायचा. त्या दिवशीचं वरण दाताखाली कचकचायचं आणि बाबा निमूटपणे जेवायचे. एवढंच म्हणायचे, "आज चित्र बरं झालेलं दिसतंय."

आता मी थोडा बाजूला जातो, पण ताईंच्या स्वभावाचं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे बाबा फौजेत होते, आमचं घर कँटोन्मेंटच्या बाजूला, गाव सातारा जिल्ह्यात. मी दिवसभर एका म्हाताऱ्या बाईंबरोबर जंगलात असतो हे कळल्यावर बाबा भडकले. हे मी ताईंना सहज बोललो, तर त्या पुढच्या रविवारी रिक्षाने आमच्या दारात हजर. आईने पिठलं-भाकरी केली होती. ताई मांडी घालून पोटभर जेवल्या. बाबा अवघडून बसले होते. शेवटी म्हणाले, "बाई, पोरगं भटकं हाय. त्याला येतं काय?"

"चालता येतं," ताई म्हणाल्या. "मला आता एकटीने तिथवर जाववत नाही. बरोबर चालायला माणूस हवा आणि त्याने मधे मधे बोलायला नको. असा मिळत नाही हो."

बाबांनी ताईंच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं. मग आईला म्हणाले, "बाईंना अजून भाकरी वाढ." त्या दिवसापासून घरात माझ्या भटकण्याला काम म्हणायला लागले. ताईंनी माझ्यावर उपकार केल्याचं कधी दाखवलं नाही. उलट प्रत्येक फेरीनंतर मला थालीपीठ खायला घालून म्हणतात, "आज तुला फार चालवलं."

तर धुकं. हे ताईंचं सगळ्यात मोठं चित्र आहे, खोलीची एक भिंत भरेल एवढं. चार हिवाळे ते चालू आहे. त्यात रंग लावतात कमी आणि पुसतात जास्त. निळा आणि विटकरी मिसळून केलेला राखाडी, तेलात अगदी पातळ केलेला, आणि तो पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा. एका धुक्याच्या दिवशी एक थर. सकाळी रिजवर जाऊन बसायचं, तिथून न बोलता मेट्रोने परत यायचं, चहाही न घेता थर लावायचा आणि पुसायचा. मग पुढचं धुकं येईपर्यंत हात लावायचा नाही.

अडचण अशी की दिल्लीत आता धुकं कमी आणि धूर जास्त. ताई पहाटे बाल्कनीत उभ्या राहून हवा हुंगतात. बाहेर पांढरं फटक असतं, समोरचा टॉवर दिसत नाही, आदल्या रात्री तिथेच मुक्कामाला राहिलेला मी तयार होऊन दारात उभा, आणि त्या म्हणतात, "आज धूर आहे. जा झोप जा." मिलिंददादांनी त्यांना मोबाईलवर प्रदूषणाचा आकडा बघायला शिकवलं. त्या म्हणाल्या, "आकडा तू बघ. मला नाक आहे." अशाने एका हिवाळ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिवस मिळतात.

मंडळाने ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त चैत्रात प्रदर्शन आणि हा ग्रंथ करायचं ठरवलं, तेव्हा आपले चिटणीस जोगळेकरकाका दिवाळीनंतर नोएडाला आले. धुक्याचं चित्र सभागृहात मधोमध लावायचं आणि मुखपृष्ठावर छापायचं, असा त्यांचा बेत होता. ताईंनी चित्र दाखवलं आणि सांगितलं, "हे झालेलं नाही."

"ताई, आम्हाला तर बिल्कुल झालेलं दिसतंय."

"जोगळेकर, तुम्हाला चहासुद्धा उकळायच्या आधीच झालेला दिसतो. मी बघितलंय कोजागिरीला."

काका हसले, पण हटले नाहीत. "चैत्रापर्यंत वेळ आहे. अख्खा हिवाळा आहे हातात."

"एक पुरणार नाही. अजून दोन-तीन लागतील."

पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी दोन-तीन हिवाळे असे सहज मागून घेतले. काका चहा पिऊन गेले. मिलिंददादांनी मला बाल्कनीत ओढलं.

"तू सांग तिला. तुझं ऐकते."

"माझं कुठे ऐकतात, दादा? मीच त्यांचं ऐकतो."

"यार, जरा समजून घे. मागच्या जानेवारीत न्यूमोनिया झाला होता तिला, माहितीये ना? डॉक्टर म्हणतात, थंडीत बाहेर काढू नका. आणि ही म्हणते दोन-तीन हिवाळे. कशाच्या भरवशावर?" त्यांचा आवाज खाली गेला. "ते चित्र अर्धवट राहिलं तर मी त्या भिंतीकडे बघू कसा, सांग."

तेव्हा मला कळलं की दादांना मुखपृष्ठाची काळजी नव्हती.

डिसेंबरात खरं धुकं पडलं तेव्हा आम्ही रिजवर गेलो. दादांनी ताईंना दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून पाठवलं होतं. दगड ओला होता. समोरची बाभळ आधी दिसत होती, मग दिसेनाशी झाली, मग अर्धीच दिसायला लागली. तिथे बोलायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी बोललो. "ताई, दादा विचारत होते. राहिलं तर?"

त्या रागावल्या नाहीत.

"राहू शकतं," त्या म्हणाल्या. "मला काय कळत नाही का? पण यंदा संपवलं, तर पुढच्या थंडीत मी पहाटे उठून खिडकी कशासाठी उघडू? औषध घ्यायला?" मग म्हणाल्या, "मिलिंदला सांग, ते राहील याची भीती मलाही आहे. पण ती भीती आहे म्हणून मी आज इथवर चालत आले. नाहीतर पांघरुणातून निघाले असते होय?"

त्या दिवशीचा थर लावून झाल्यावर त्यांनी जवळजवळ सगळा पुसून काढला. मी दाराशी उभा होतो. चित्रात एका जागी काहीतरी होतं आणि नव्हतं. मला शब्द येत नाहीत यासाठी, मराठीत नाहीत आणि हिंदीतही नाहीत. सकाळी ती बाभळ अर्धी दिसायला लागली, तेव्हा मला जसं झालं होतं, तसं झालं.

संध्याकाळी दादांना मी ताईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते उठले. चित्राजवळ गेले, बघत उभे राहिले, आणि जेवायला बसले. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात भल्या सकाळी त्यांचा फोन आला. "धुकं आहे."

मी झोपेत म्हटलं, "दादा, धूर असेल."

"नाही रे. मी वास घेतलाय. आईला उठवायच्या आधी दोनदा बाल्कनीत जाऊन आलो. मेट्रो नको तिला, किती जिने चढायचे त्या थंडीत. गाडी काढतोय. ऑफिसला उशीर होईल असं कळवलंय. तू येतोस की आम्ही निघू?"

मागून ताईंचा आवाज आला, "त्याला सांग, येताना चणे आण. माकडं असतात."

त्यानंतरचं प्रत्येक धुकं आम्ही तिघांनी बघितलं. दादा थर्मासमध्ये गरम पाणी आणतात, ताईंच्या पाठीशी वाऱ्याच्या बाजूला उभे राहतात आणि परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्येसुद्धा एक शब्द बोलत नाहीत, जे नोएडाच्या रस्त्यावर सोपं नाही. जोगळेकरकाकांना त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं की ते चित्र मिळणार नाही. काका म्हणाले, मग मधल्या भिंतीवर काय लावू? दादा म्हणाले, पळस लावा, चैत्र आहे. म्हणून या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पळसाचं चित्र आहे. धुकं तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभं असेल.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य मागायची रीत आहे. ताईंसाठी मी आकडा मागत नाही. त्यांच्या फुफ्फुसांना बळ मिळो, गुडघे दगडापर्यंतची चढण चढत राहोत, आणि दिल्लीच्या हवेला थोडी लाज वाटून दर पौषात धूर नसलेलं धुकं पडो, त्या चित्राला जितक्या वेळा हवं आहे तितक्या वेळा. त्यानंतर ताईंनी आणखी एक चित्र काढायला घ्यावं, याहून मोठं आणि याहून सावकाश होणारं. त्या चित्राला जागा आहे का, असं मी मिलिंददादांना विचारलं. ते म्हणाले, समोरची भिंत रिकामी करून ठेवतो.