काकांची भीती आणि जवळ्याची चटणी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका भित्रा माणूस भातसानगरच्या वसाहतीत झाला नाही आणि होणारही नाही. काका धरणावर नोकरीला होते. दरवाजे उघडण्याआधी खालच्या गावांना सावध करणारा भोंगा वाजवणं हे त्यांचं काम, आणि घरीही ते त्याच तयारीत असत. पंख्याखाली बसण्याआधी तो काठीने ढोसून पाहत. रिक्षावाल्याला आधी मुलंबाळं विचारत. बिनलग्नाचा जपून चालवत नाही म्हणून आटगाव स्टेशनपर्यंत पायी जात. "अवो, लग्न ठरलेला तरी चालंल का?" मावशीने एकदा वैतागून विचारलं. काका गंभीरपणे म्हणाले, "साखरपुडा झाला आसंल तर."

पुढे मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. काका जेवेनात, झोपेनात, उंबऱ्यावरच त्यांना घाम फुटे. दोन औषधं लागू पडली नाहीत, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी तिसरी गोळी दिली आणि सोबत एक कागद: सुकी मासळी, मुरलेलं, आंबवलेलं बंद. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून कागद माझ्याकडे आला. "तू सायन्सला ना रे? सांग, सुकटीनं काय होतंय?" मावशीने विचारलं.

मला येत नव्हतं, आणि तसं म्हणायची लाज वाटली. शहापूरला कॉलेजच्या वाचनालयात तीन दिवस बसलो, मग चाचरत सांगितलं. अन्नातल्या प्रथिनांपासून शरीर काही रसायनं बनवतं आणि मज्जातंतूंच्या टोकाशी बारीक पिशव्यांत साठवतं. निरोप आला की थोडं सोडतं. काम झालं की बरंचसं परत आत ओढलं जातं, उरलेल्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, मोडून टाकतं. गोळी त्या विकरालाच अडवते, म्हणून साठा वाढतो आणि मन सावरतं. पण सुक्या मासळीतल्या एका द्रव्यालाही पोटात तेच विकर मोडतं. ते द्रव्य मोडलं गेलं नाही, तर रक्तात शिरून सगळा साठा एकदम बाहेर ढकलतं आणि रक्तदाब भडकतो.

काका पांढरे पडले. "म्हंजी भोंगा न वाजवता सगळे दरवाजे?"

पुस्तकातलं ते पान त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

मावशीने सुक्या जवळ्याची बरणी शेजारणीकडे नेऊन ठेवली. महिन्याभरात गोळी लागू पडली. काका पंख्याखाली घोरू लागले. एका रविवारी मी गेलो, तर शेजारून चटणी मागून आणून भाकरीशी खात बसलेले. वास आला आणि मी दारातूनच ओरडलो.

"काका, तो कागद!"

"काय नाय होत रे. उगाच भ्यायचं तरी किती?"

गोळीने त्यांची भीती नेली होती, आणि त्यांना वाचवणारी तीच एक गोष्ट होती. अर्ध्या तासात त्यांनी डोकं गच्च धरलं. "डोस्कं फुटतंय रे." समोर जी रिक्षा दिसली तिच्यात त्यांना घातलं. वाटभर त्यांचा हात माझ्या हातात होता आणि नाडी मोजताना मी सारखा चुकत होतो. दवाखान्यात डॉक्टरांना गोळीचं नाव आणि चटणी एवढंच कसंबसं सांगता आलं. संध्याकाळी रक्तदाब उतरला.

औषध बदललं. काकांची भीतीही थोडी परत आली. त्यांनी पुन्हा पंख्याला काठी लावली, तेव्हा मावशीने पदराने डोळे पुसले.

निवृत्तीनंतर ते मुरबाडकडच्या गावी गेले आणि काही वर्षांनी तिथेच, झोपेत, शांतपणे संपले. जवळा भाजल्याचा वास आला की माझ्या छातीत आजही धडधडतं. रिक्षात बसण्याआधी मीही विचारतो, "लग्न झालंय का?" नाही म्हणाला तरी बसतो. त्या रविवारचा रिक्षावाला बिनलग्नाचाच होता.