नावेच्या नळाची मोटर

आम्ही पैनगंगेकाठचे नावाडी. माझ्या लहानपणी बाबा माणसांना लाकडी नावेतून पलीकडच्या बाजाराला नेऊन सोडायचे, आणि त्याबद्दल सुगीला घरोघरून ज्वारी मिळायची. मग पूल झाला. त्या वर्षापासून ज्वारी बंद. बाबा आदिलाबादच्या कापूस मार्केटात हमाली करू लागले, आई वेचणीला जाऊ लागली. कितीतरी संध्याकाळी आमच्या ताटात अंबाडीची भाजी असायची आणि भाकरी नसायची. दहावीनंतर आम्हा दोघी बहिणींपैकी एकीलाच शिकवणं जमणार होतं. माझे मार्क जास्त, म्हणून मी गेले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, हे मी कुणालाही सांगते. आज कचेरीत नोकरी करते. धाकटी दहावीनंतर घरी राहिली.

आता गावाजवळच्या धरणावर मच्छीमार सोसायटीची छपराची मोठी नाव आहे. बाबा ती चालवतात, धाकटी त्यांच्यासोबत असते. रविवारी शहरातले लोक येतात, नावेत बसून तळलेली मासळी आणि भाकरी खातात. त्यांना धरणाच्या पाण्यानं हात धुवायला नको वाटतं, म्हणून नावेत स्वच्छ पाण्याची टाकी आहे, एक बेसिन आहे, आणि टाकीतलं पाणी नळाला चढवणारी बॅटरीवरची छोटी मोटर आहे.

मी शनिवारी गावी गेले की बाबा विचारायचे, "जेवली का?" बस. आणि धाकटीला? "बाई, इंजिनचा आवाज कसा येऊन राह्यला? पंख्याचं हे पान बदलावं का? उद्या किती जण बसवायचे?" नावेची किल्ली तिच्या कमरेला. पदवीदानाचा माझा काळ्या झग्यातला फोटो भिंतीवर, त्यावर दर दिवाळीला झेंडूचं तोरण. भिंतीवर मी होते, विचारायला ती होती. मला ते सलायचं. लहान बहिणीवर जळायची लाज वाटायची, तरी जळायचे.

अशातच ती मोटर बंद पडली. येत्या रविवारी माझ्या कचेरीतले अठरा जण नावेवर येणार होते. कित्येक महिने मी त्यांच्यापुढे आमच्या नावेच्या बढाया मारल्या होत्या. गुरुवारी रात्री मी घरी आले, तोवर बाबांनी ठरवूनही टाकलं होतं.

"धाकटी आणंल. तिले मोटरीतलं समजते."

समजतंच. फवारणीच्या दिवसांत अख्खं गाव पाठीवरचे बॅटरीचे पंप दुरुस्तीला तिच्याकडे आणतं, आणि त्यातली मोटर नावेतल्यासारखीच असते. पण मीही रिकामी बसले नव्हते. जुन्या मोटरीवरचा पत्रा झिजलेला, त्यावर चुलीतली राख चोळून मी अक्षरं उठवली. बारा व्होल्ट. खाली दाबाचा आकडा. तो मोबाईलमध्ये लिहून घेतला आणि वाट पाहिली, कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी रजा टाकून मी तिच्यासोबत इचोड्याला गेले. शेतीसामानाच्या दुकानदारानं तिला लांबूनच ओळखलं.

"आओ अक्का, आज किसका पंप मर गया?"

"हमारी नाव का. नयी मोटर दिखाओ, डबलवाली."

मी कोण, हे त्यानं विचारलंही नाही. तिनं आपणहून सांगितलं, "ये मेरी दीदी. डिग्री पढ़ी है." त्यानं मान हलवली आणि पुन्हा तिच्याशीच बोलू लागला.

"ताई, ही पाय," ती म्हणाली, "एका फेरीत कापसाच्या चार ओळी भिजवते. नळाले तं धोधो पाणी."

मी ती दोन मोटरींची जोडी हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. दाब जुनीच्या दुपटीहून जास्त. फवारणीला दूरवर तुषार उडायला हवा, तिथं तो लागतो. आमच्या नावेत पातळ प्लास्टिकचा पाइप, जोडावर नुसता सरकवून तारेनं आवळलेला. त्याला एवढा दाब झेपणार नाही, हे मला तिथंच, त्या काउंटरपाशी, स्वच्छ कळलं. तोंड उघडलंही होतं.

"कशी हाय?" तिनं विचारलं.

"चांगली हाय," मी म्हणाले. "घे."

शनिवारी दुपारी तिनं ती बसवली. नळ उघडला तशी धार बेसिनवर आपटून बाबांच्या सदऱ्यावर उडाली. बाबा हसले. "वा रे वा, आंघोळच घातली!" तिनं नळ बंद केला. जुनी मोटर नळ बंद होताच आपोआप थांबायची, ही थांबली नाही, आणखी जोरानं पाणी दाबत राहिली, आणि बेसिनखालचा पाइप फटकन जोडातून सुटला. अंधाऱ्या कोपऱ्यात बटण चाचपून बंद करेपर्यंत टाकीतलं निम्मं पाणी नावेच्या तळाशी गेलं होतं.

"एवढे वर्सं पंप खोलून राह्यली," बाबा ओरडले, "अन् तुले इतकं समजलं नाई?"

तिच्या वेणीतून पाणी गळत होतं. खोटं का लिहू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं, असं वाटलं.

मग तिनं तांब्या घेतला आणि वाकून तळातलं पाणी उपसू लागली. "बाबा, बोलणं मंग बोल," ती म्हणाली. "उद्या ताईच्या हापिसातले लोकं येऊन राह्यले. तिची इज्जत जाईल."

माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

आम्ही लगेच तिच्या स्कूटीवरून पुन्हा इचोड्याला निघालो. मोटरीची पिशवी माझ्या मांडीवर. ढाब्याजवळ ट्रक जरा कमी झाले तसं मी मागून म्हणाले, "मी काल वाचलं होतं."

"काय?"

"दाबाचा आकडा. डब्बल होता. पाइप सुटंल हे मले माहीत होतं."

तिनं गाडी कडेला घेतली, पाय टेकवला आणि मान वळवून पाहिलं. "मंग काऊन नाई बोलली?"

"तू चुकावी म्हणून."

"कायले?"

"बाबा तुलेच विचारते. सगळं तुलेच."

एक ट्रक गेला, दुसरा गेला. मला वाटलं, आता ही मला इथंच उतरवणार. ती म्हणाली, "मले विचारते, कारण मी तिथं उभी असतो. तू तं शनवारची पाव्हणी." मग म्हणाली, "तुह्या फोटोले तोरण कोण लावते, माहीत हाय? मी. दरवर्षी. मलेबी जळता येते."

तिनं गाडी सुरू केली, ती थेट दुकानापाशी थांबवली. काउंटरपाशी दुकानदार तिच्याकडे वळला, तर तिनं माझ्याकडे बोट केलं. "इनको पूछो. डिग्रीवाली हैं." मला म्हणाली, "तू निवड. चुकली तं मी पोटभर हासणार."

मी मोबाईल काढला. त्यानं एकेक मोटर समोर ठेवली, मी एकेकीची अक्षरं वाचली. एक नको म्हटली, दोन नको म्हटल्या. त्यानं विचारलं, "मैडम, मोटर लेना है या परीक्षा?" धाकटी फिसकन हसली. शेवटी वरच्या फळीवरची धुळीनं भरलेली लहान मोटर निघाली, सिंगल. दाब जुनीच्या जवळपास, थोडाच जास्त.

"हीच," मी म्हणाले. 

नावेत तिनं ती बसवली. मी काही न सांगताच तिनं मोटरीच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा ढिला केला, कान लावून ऐकलं, आणखी अर्धा फेरा दिला. तो स्क्रू कशाला असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"दाब उतरवाले," ती म्हणाली. "हे नाई लिहून राहत डब्ब्यावर."

बाबांनी नळ उघडला. बंद केला. मोटर थांबली. त्यांनी पाइपच्या जोडावर बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. धाकटीला म्हणाले, "आता बरोबर आणली."

"ताईनं निवडली," ती म्हणाली. काल दुकानातलं माझं गप्प राहणं तिनं सांगितलं नाही. ते मी रात्री जेवताना स्वतःच सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटातली भाकरी संपवली.

रविवारी कचेरीतल्या अठरा जणांनी आमच्या नावेत जेवून त्या नळावर हात धुतले. मोटर अजून तीच आहे.