लांब पल्ला, मेंढ्यांसह

"मागं कोन ऱ्हायलं का?"

आबा कुठूनही निघाले की हे विचारत. बारामती स्टँडवर एसटीच्या दारात उभे राहून विचारत, लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रॅक्टर सुटताना विचारत. माझ्या टायपिंग क्लासमध्ये ते एकटेच यायचे आणि एकटेच जायचे, तरी जिन्याच्या तोंडाशी मान वळवून विचारत. कंडक्टर लोक वैतागायचे. एकदा एक जण म्हणाला, "आबा, घंटी मी मारायची का तुमी?" आबा म्हणाले, "तूच मार. पन ती म्हातारी पानी प्यायला गेलीया, ती आली की मार." म्हातारी आली, आबांनी तिला हाताला धरून वर ओढून घेतलं, गाडी सुटली. तिला सुप्याला जायचं होतं आणि गाडी निमगाव केतकीची होती, हे रुई गाव ओलांडल्यावर कळलं.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. फरक इतकाच, की तुमचा माणूस लंडन, बर्लिन आणि न्यूयॉर्कच्या मॅरेथॉन पळून आलेला नसेल. आमचा आला होता. 'पळून आला' हे मी जरा सैल हाताने लिहिते आहे, ते पुढे कळेलच.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत खताच्या दुकानावरच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास होता. आठ मशीन, त्यातली सहा धड. मुलंमुली परीक्षेची तयारी करायची आणि मधल्या वेळात मी लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. आबा पहिल्यांदा आले ते बाजारच्या दिवशी. खुर्ची दिली तर बसले नाहीत. एका पायावर उभे राहिले, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवून, हातात नसलेल्या काठीवर रेलल्यासारखे. मेंढरं राखलेल्या घरातला माणूस, हे मी तिथेच ओळखलं. वय पन्नाशीच्या पुढे, गाव कळस. एके काळी घरात दोनशे मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग आणि थोडा ऊस होता.

"बाई, काल टीव्हीवर इलायतेतलं एक खांड बगितलं," ते म्हणाले.

खांड म्हणजे मेंढरांचा कळप. मी म्हटलं, "शेतीचा कार्यक्रम होता का?"

"मेंढरांचं न्हवं, मानसांचं. रस्ता दिसंना एवढं मानूस पळत हुतं. एवढं मोठं खांड मी जन्मात बगितलं न्हाय. आन राखायला एक कुत्रं न्हाय. मला त्यात जायचंय. अर्ज लिवा."

मी स्वभावाने तापट आहे, पण वेडाला मी कधी नाही म्हणत नाही. पुण्यातल्या एका क्रीडाशिक्षकांकडून पत्ता मिळवला, पत्र टाकलं आणि विसरून गेले. काही आठवड्यांनी लंडनहून चक्क फॉर्म आला. आबांना बोलावून घेतलं आणि मी रकाने भरायला बसले.

"शर्यत पुरी करायला किती वेळ लागेल, असं विचारलंय."

"सोडत्यात कवा?"

"सकाळी साडेनऊला."

"मग दुपारच्या भाकरीला पोचतो. तसं लिवा."

"यापूर्वीचा अनुभव?"

आबांनी पाय बदलला. "कळस ते कोकन आन माघारी. दिवाळी झाली की जायचं, पावसाच्या आत यायचं. धा-बारा वर्सं केलं."

मी इंग्रजीत टाइप केलं: लांब पल्ला, मेंढ्यांसह. तिकडच्या साहेबांना काय वाटलं देव जाणे, पण सोडतीत आबांचं नाव निघालं.

मग सराव सुरू झाला. आपल्याकडे पन्नाशीचा माणूस पळताना दिसला की लोक दोनच गोष्टी विचारतात: कोण गेलं, नाहीतर काय सुटलं. पहिल्या आठवड्यात आबांच्या मागे काठ्या घेऊन चार जण धावले, बिबट्या आला समजून. नंतर लोकांना कळलं, तर दुसराच ताप सुरू झाला. कुणीही मोटारसायकलवाला शेजारी थांबून म्हणे, "आबा, बसा." नको म्हटलं की रुसत, "आमच्या गाडीवर बसाय कमीपना वाटतोय व्हय?" आबांना माणसं तोडवत नसत. मग ते बसत, निमगाव केतकीपर्यंत जात, तिथे चहा घेत आणि तिथून घराकडे पळत येत. अशा रीतीने त्यांचा सगळा सराव एकाच दिशेने झाला.

त्यांच्या बायको, ज्यांना मी मावशी म्हणत असे, त्या या सगळ्यावर एकच वाक्य बोलायच्या. "पळायला एवढ्या लांब कशाला? हितला रस्ता काय सरलाय?" पण जाताना बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे त्यांनीच बांधून दिले. डाळिंबाने त्या वर्षी हात दिला होता, पुण्यातल्या काही मंडळींची सोबतही मिळाली, आणि आबा लंडनला गेले.

इकडे गावाने सत्काराची तयारी केली. पेंटरकडून फलक रंगवून घेतला: 'लंडन मॅरेथॉनमध्ये ____ क्रमांक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' क्रमांकाची जागा सोडली होती, आले की भरायची. पेंटर ब्रश घेऊन स्टँडवरच उभा होता. आबा उतरले तसं त्याने विचारलं, "कितवा?"

"पोचलोच न्हाय," आबा म्हणाले.

झालं होतं असं. अर्ध्याहून जास्त अंतर झाल्यावर एक म्हातारा गोरा रस्त्याच्या कडेला पाय धरून बसलेला आबांना दिसला. लोक त्याच्या बाजूने जात होते. आबा थांबले. त्याला गुळाचा खडा दिला, पोटऱ्या चोळून दिल्या. "त्येला आमची भाषा येत न्हवती, मला त्येची. पन पाय दोगांचंबी दुखत हुतं, त्यात काय समजून सांगायचंय?" मग गाडी आली, म्हाताऱ्याला घेऊन जायला लागली. म्हातारा आबांचा हात सोडेना. आबाही गाडीत बसून गेले.

सत्कार मात्र झाला. हार आणले होते, पेढे आणले होते, सरपंच आले होते, आता काय करणार? रिकाम्या जागेच्या फलकाखाली आबांना नारळ दिला आणि सरपंचांनी 'खेळात सहभाग महत्त्वाचा' यावर अर्धा तास भाषण केलं. पुढे तो फलक कुणीतरी गोठ्याच्या पत्र्यावर टाकायला नेला.

दोन वर्षांनी बाग परत धरली आणि बर्लिन ठरलं. या वेळी मी त्यांना क्लासमध्ये उभं करून दम दिला. "आबा, कुणी बसलं तरी थांबायचं नाही. तिथे त्यांचे डॉक्टर असतात."

"न्हाय थांबत," आबा म्हणाले, आणि शब्दाला जागले. बसलेल्या एकाही माणसासाठी ते थांबले नाहीत. तरी पोचले तेव्हा शेवटची कमान उतरवत होते आणि कामगार नळ्या गाडीत भरत होते.

"मग झालं काय?" मी विचारलं.

काय झालं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. सुरुवातीला आबा सवयीने सगळ्यात मागे जाऊन उभे राहिले. हजारो माणसं पुढे निघून गेली आणि रस्त्यावर जागोजाग स्वेटर पडलेले दिसले. थंडी होती, तेव्हा पळणारे जुने स्वेटर घालून येतात आणि अंगात ऊब आली की काढून फेकतात, ही त्यांची रीत. आबांना कसं कळावं? खांडामागून चालणाऱ्याने पडलेली वस्तू उचलायची, ज्याची त्याला द्यायची, एवढंच ते शिकले होते. त्यांनी अकरा स्वेटर गोळा केले, कोकरू घ्यावं तसे काखेत घेतले, आणि मालक शोधत बारा किलोमीटर पळाले. शेजारून जाईल त्याला एकेक स्वेटर उंच करून दाखवत होते. लोकांना वाटलं विकायला आलाय.

"आबा, ते त्यांनी मुद्दाम टाकलेले असतात हो!"

"मुद्दाम?" आबा खरोखर दुखावले. "चांगली लोकर हुती, बाई. दोनात तर भेसळ न्हवती."

माझा संयम संपला. मी म्हटलं, इतक्या लांब जाता, माझ्याकडून फॉर्म भरून घेता, गुडघे झिजवता, आणि शर्यत पुरी करायचीच नसेल तर मावशी म्हणतात तेच खरं, इथला रस्ता काय वाईट आहे? मुलांची टकटक थांबली, इतकी मी चढ्या आवाजात बोलले.

आबांनी गुडघ्याला टेकवलेला पाय खाली ठेवला. मग पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

"ल्हानपनी मी खांडाच्या मागं असायचो, बाई. बायका घोड्यावर बिऱ्हाड घालून म्होरं जायच्या. मग मेंढरं. लंगडं, आजारी घिऊन मी सगळ्यात शेवटी. मी पोचायचो तवा समदी जेवाय बसल्याली. मी आलो ह्ये कुनी बगायचं न्हाय. टीव्हीत बगितलं, तितं शेवटाला दोनी अंगानं मानसं हुबी असत्यात. येनाऱ्याला बगत्यात. मला तसं एकदा पोचायचंय. कुनीतरी बगावं, आला म्हनून. दुसरं काय न्हाय."

मला माझी लाज वाटली. मी त्यांना वेडा, हौशी, फार तर भाबडा समजत होते. त्यांना नेमकं काय हवं आहे हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

तोवर उजवा गुडघा बोलायला लागला होता. डॉक्टरांनी आणखी एकच शर्यत, मग बास, असं बजावलं. न्यूयॉर्कचा फॉर्म मी स्वतः मागवला. तो भरायच्या दिवशी मावशी जिना चढून आल्या, नऊवारीचा काष्टा सावरत, आणि माझ्यासमोर दोन फोटो ठेवले.

"माझाबी पासपोर्ट काडा. तितली मानसं बगतील न्हाय बगतील, त्येंचा काय भरवसा? मीच जाते आन हुबी ऱ्हाते."

आबा लाजून खिडकीतून खताची पोती बघायला लागले.

न्यूयॉर्कहून परतल्यावर ते पेढे घेऊन वर आले. माझ्या टाइपरायटरवर पदक ठेवलं. पाच तासांच्या वर वेळ लागला होता, नंबर वीस हजारांच्या पुढचा. वाटेत एक बाई पडली होती, तिला उचलून तंबूपर्यंत नेऊन सोपवली आणि परत पळाले. "मंडळीला हुबं केलंय तितं, जास्ती थांबून कसं भागंल?"

"मग? बघितलं का मावशींनी?" मी विचारलं.

आबा मोठ्याने हसले. "सांगतो की. समद्या मानसांत लुगडं वळखू आलं. म्हटलं, आता बगंल. आन जवळ पोचलो तशी तिनं पदर वडला आन तोंडच फिरीवलं! माझी आर्धी चड्डी बगून लाजली, बाई. बाकीची समदी टाळ्या वाजीवत्यात, आन आमची मंडळी झाडाकडं तोंड करून हुबी. सात समिंदर वलांडून तिला नेली बगायला, आन तिनं बगितलं झाड."

ही गोष्ट आबांनी पुढची तीन-चार वर्षं बाजारात, एसटीत, लग्नात शंभर वेळा सांगितली. मावशी शेजारी असल्या तरी सांगितली. त्या काही बोलत नसत, पदराआड हसत. लोक पोट धरून हसायचे. आबाही हसायचे, पण गोष्ट संपल्यावर पदक खिशात परत ठेवताना जरा वेळ लावायचे. मला ते दिसायचं.

दशक संपता संपता आबा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले, फार त्रास झाला नाही. मी कळसला भेटायला गेले. मावशी ओसरीवर घोंगडीवर बसल्या होत्या. बायका येऊन गेल्या होत्या. मला असल्या वेळी गप्प बसवत नाही. म्हटलं, "आबा नेहमी सांगायचे, मावशींनी न्यूयॉर्कला झाड बघितलं म्हणून."

मावशी हसल्या. मग म्हणाल्या, "मी बगितलं हुतं, बाई. लई लांबनं. खांडात मानूस कुटंबी असंना, आपलं मानूस चालीवरनं कळतंया. वळनावर आलं तवापस्नं बगत हुते."

"मग तोंड का फिरवलंत?"

"रडत येत हुते. न्हान्या पोरागत तोंड झाल्यालं. गड्याला रडताना बायकूनं बगितलं की त्येला कसं वाटंल, म्हनून फिरीवलं."

मला आबांचं ते हसणं आठवलं. "अहो, पण इतकी वर्षं ते समजत राहिले की तुम्ही बघितलंच नाही. एकदा सांगायचं तरी."

मावशींनी घोंगडीवरची काडी उचलून अंगणात टाकली.

"कसं सांगनार? बगितलं म्हनले असते, तर त्येनी लगीच इचारलं असतं, मी येताना कसा दिसत हुतो."