सुई लाल रेघेपलीकडे गेली तेव्हा

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही — सिल्वासात, टोकरखाडा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी अजूनही 'एकट्याने विमान उडवणारा' म्हणून मिरवतो.

एकट्याने. लोकांना वाटतं, त्यात कठीण असतं ते उडवणं. छे! हात सवयीने चालतात. पण तपासणीची यादी आपणच वाचायची आणि 'झालं' असं उत्तरही आपणच द्यायचं. उजवीकडची खुर्ची रिकामी. चुकलो, तर पाहिलं कुणी?

इथल्याच एका कारखानदाराचं ते जुनं, एका इंजिनाचं टर्बोप्रॉप विमान. त्या सकाळी शेठ मागे बसून घड्याळ बघत होते. बॅटरी कमजोर होती; तशा बॅटरीवर सुरू करताना इंजिन भलतंच तापू शकतं. बाहेरची जोडून घ्यायला दहा मिनिटं लागली असती. मी थांबलो नाही. बटण दाबलं — आणि इंजिनाच्या तापमानाची सुई लाल रेघ ओलांडून गेली. अशा वेळी इंधन तिथल्या तिथे बंद करायचं असतं. मी नुसता बघत बसलो. चार सेकंद? सहा? मग सुई खाली आली, इंजिन सुरू झालं, आणि मी — मी उडालो.

असं झालं की आतली पाती भाजून पुढे कधीतरी हवेतच तुटू शकतात; म्हणून विमानाच्या वहीत नोंद करायची, इंजिन उघडून ती तपासायची. म्हणजे विमान कित्येक दिवस जमिनीवर आणि माझी हुशारी चव्हाट्यावर.

परत आलो तेव्हा निंबाभाऊ वही घेऊन उभे. धुळ्याकडचे, विमानाची देखभाल त्यांच्याकडे. प्रश्न रोजचाच — "साहेब, काही लिखायचं शे का?"

"काही नाही. सगळं नॉर्मल."

माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात मी शेठना विचारून निंबाभाऊंना उजवीकडे बसवलं आणि वर नेलं. बक्षीस? नाही हो, लाच होती ती — त्यांना ठाऊक नव्हतं, इतकंच. ते आता राहतात त्या रांधा गावावर आलो तसं त्यांनी काचेला नाक लावलं. "देखा साहेब, आमनं घर!" मी पाहिलं नाही. मी सुई पाहत होतो.

मागच्या वर्षी विमान विकलं गेलं. नवा पायलटही एकटाच उडवतो. वही चाळून तो म्हणाला, रेकॉर्ड अगदी स्वच्छ आहे. मी मान डोलावली. उद्या काही झालं, तर त्या पानावर सही निंबाभाऊंची आहे.

काल सकाळी गच्चीवर त्या इंजिनाचा आवाज आला. ओळखतो मी तो. पार विरेपर्यंत कठड्याला धरून उभा राहिलो.

त्या पायलटचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केला नाही.